ठेवल्या सामानाची राखण

आमच्या गावामागच्या धबधब्याची वाट सोपी आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की मी काहीतरी मोठा डोंगर चढले. शाळेमागच्या बांधावरून निघायचं, ओढा दोनदा ओलांडायचा, एक लहानशी चढण, की पाऊण तासात पाणी समोर. शनिवार-रविवारी मुंबईहून येणारी माणसं लहान पोरं, म्हाताऱ्या आज्या आणि वाढदिवसाचे केक घेऊन तिथवर जातात. त्याच वाटेनं मी आमच्या कुत्र्याला नेलं. परत आणायचं नाही, असं ठरवून नेलं.

आमचं गाव कर्जत-चौक रस्त्यापासून आत, माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशी. मी खालापूरला सरकारी कचेरीत लिपिक आहे. सकाळी टेंपोनं चौक आणि तिथून मिळेल त्या गाडीनं पुढे. आमच्या घरात, घरातच कशाला, आमच्या सगळ्या आळीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवायला सांगत नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? मिरवते. पदवीचा कागद फ्रेम करून ओटीच्या भिंतीला लावला आहे. त्याच भिंतीखाली पुढे बाबांची खाट आली.

बाबांनी उमेदीची वर्षं माथेरानला काढली. वर मोटार जात नाही, त्यामुळे पाहुण्यांच्या बॅगा हॉटेलापर्यंत डोक्यावरून जातात. बाबा त्या वाहायचे. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा खाली येऊन शेती बघायला लागले. पुढे धबधब्याला माणसं यायला लागली आणि बाबा त्यांना वाट दाखवायला जायला लागले. पाहुणे त्यांना गाईड म्हणायचे. बाबा हसायचे. "मी कसला गाईड? मी हमाल. वाट तर ह्यो दाखवतो," असं म्हणून कुत्र्याकडे बोट करायचे.

खरंच तो दाखवायचा. तांबूस रंगाचा, एक कान मोडलेला साधा गावठी कुत्रा. माणसांच्या दहा पावलं पुढे चालायचा आणि मागे कुणी राहिलं की थांबून वळून बघायचा. त्याला नाव नव्हतं. आमच्याकडे म्हशीला नाव असतं, बैलाला असतं, कुत्र्याला कोण ठेवतो? बाबा त्याला नुसतं "रं" म्हणायचे. ऊठ रं, चल रं, बस रं. आई म्हणायची मेला. पाहुण्यांचा प्रत्येक घोळका त्याला त्या दिवसापुरतं एक नाव द्यायचा. तो कुठल्याच नावाला ओ द्यायचा नाही, बिस्कीट मात्र सगळ्यांचं खायचा.

धबधब्यापाशी एक सपाट कातळ आहे. तिथे पोचलं की बाबा पहिल्यांदा आपली खाकी पिशवी खाली ठेवायचे. जाड कापडाची, लांब पट्ट्याची, माथेरानपासूनची पिशवी. मग पाहुणे आपापल्या बॅगा तिच्याभोवती ठेवायचे. बाबा म्हणायचे, "बस रं," की कुत्रा त्या ढिगाशेजारी बसायचा. माणसं पाण्यात खेळून येईपर्यंत तो तिथून हलायचा नाही. कुणी आपल्या बॅगेला हात लावला, चेन उघडली, मोबाईल काढला, तर काही म्हणायचा नाही. पण बॅग उचलली की दात. मग ती ज्याची असेल त्याची का असेना. माकडांना तर तो दहा हात लांबच ठेवायचा. निघायची वेळ झाली की बाबा येऊन आपली पिशवी खांद्याला लावायचे, तेव्हा तो उठायचा, आणि त्यानंतर सगळ्यांनी आपलं सामान घ्यायचं. पाहुण्यांना याची फार मौज वाटायची. "काका, याला ट्रेनिंग कुणी दिलं?" बाबा सांगायचे, "आमच्या धंद्याची रीत हाय ती. ठेवलेल्या सामानाकडं पाठ करायची नाय. ज्यानं ठेवलं त्यानंच उचलायचं."

मला ते ऐकून कंटाळा यायचा. त्याहून कंटाळा यायचा तो वाटेवरच्या त्यांच्या एका वाक्याचा. चढणीच्या वळणावर, जिथून खाली आमच्या घराचे पत्रे दिसतात, तिथे थांबून बाबा प्रत्येक घोळक्याला सांगायचे, "वो घर हमारा. हमारी लडकी ग्रॅज्युएट हाय." कधी मी सोबत असले तर मानेनं मला दाखवायचे, शेजारचा डोंगर दाखवावा तसं. मी म्हणायचे, "बाबा, त्यांना काय करायचंय?" ते म्हणायचे, "त्यांना नसंल करायचं. मला करायचंय."

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर बाबा भाताच्या आवणात काम करताना बसले ते उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली. जीभ गेली. कळत सगळं होतं, पण तोंडातून एक "अं" तेवढा निघायचा. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. रोज उचलून बसवायचं, आणि एक दिवसाआड मालिश करून हातपाय हलवायचे. नाही केलं तर पाठीला जखमा होतील आणि मग अवघड आहे.

आई आणि मी दोघी मिळून त्यांची कूस बदलायचो. पण उचलून बसवणं आमच्याच्यानं होत नव्हतं. माणूस अर्धा झाला तरी वजन पूर्णच राहतं. त्यासाठी शेजारच्या घरातले काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, सकाळ-संध्याकाळ यायचे. मालिशला कर्जतहून एक माणूस मोटारसायकलवर यायचा.

कुत्रा पहिल्या दिवसापासून खाटेला चिकटून बसला. आई भरवायची, पुसायची, तो नुसता बघत राहायचा. आम्ही कूस बदलली तरी बघत राहायचा. पण पहिल्याच आठवड्यात मालिशवाल्यानं बाबांच्या काखेत हात घालून त्यांना वर उचललं आणि कुत्र्यानं त्याची पोटरी धरली. चांगली धरली. त्याला सरकारी दवाखान्यात सुया घ्याव्या लागल्या. नंतर कुत्र्याला बांधून घातला, तर गळ्यातली दोरी दातानं तोडून परत खाटेशी. पडवीत कोंडला, तर दार उकरून नखांतून रक्त काढलं आणि असा रडला की बाबांचा श्वास वरखाली व्हायला लागला. मधले दिवस आई काठी घेऊन त्याला अडवायची, तेवढ्यात काका कसंबसं उचलायचे. मग भाद्रपदात एका सकाळी काकांनी बाबांना उचललं आणि त्यानं काकांचं मनगट फोडलं. ज्या काकांच्या हातची भाकरी त्यानं लहानपणापासून खाल्ली त्यांचं.

मालिशवाल्यानं फोनवर सांगितलं, "ताई, कुत्रा असेल तर मी येणार नाही. दुसरा कोणी बघा." दुसरा कोणी नव्हता. त्याच आठवड्यात बाबांच्या कमरेवर पहिली जखम दिसली. रुपयाएवढी लाल.

ओटीवर बसणं झालं. काका मनगटाला फडकं बांधून बसले होते.

"बाय, तू शिकलेली हायस. तूच ठरव," काका म्हणाले.

"ह्यात शिकल्याचं काय आलं?" आई म्हणाली.

"मंग मी ठरवू? मी ठरवलं तर गोणीत घालीन आन् पाताळगंगेच्या पलीकडं सोडून यीन."

आमच्याकडे नको झालेलं कुत्रं, मांजर असंच सोडतात. गोणीत घालायचं, तोंड बांधायचं, मोटारसायकलला मागे टाकायचं आणि नदीपार नेऊन मोकळं करायचं. डोळ्यांनी वाट दिसली नाही की जनावर परत येत नाही. बाबांनी आयुष्यात हे कधी केलं नाही. मांजरीची पिल्लंसुद्धा सोडली नाहीत.

बाबा खाटेवरून आमच्याकडे बघत होते. ते सगळं ऐकत होते, हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं.

"गोणीत नाही घालायचं," मी म्हणाले. "मी नेते. धबधब्यावर सोडते. वरच्या वाडीतली माणसं तिथूनच ये-जा करतात, ती ओळखतात त्याला. जाईल त्यांच्यामागं."

काका हसले. "चालवत न्हेणार? धबधब्यावर? अगं, ती वाट त्याला तुझ्यापरीस ठाव हाय. तू घरी येशील तवा ह्यो उंबऱ्यात बसून तुलाच इचारंल, का गं, उशीर झाला?"

"बघू."

"पदवी घेतलीस आन् एवढं नाय कळत?"

मला कळत होतं. तेच तर कुणाला सांगितलं नाही. ठरवण्याचं माझ्यावर आलं होतं, म्हणून मी ठरवलं. आणि ते मोडायचं कामही मी कुत्र्यावर सोपवलं. तो परत येईल, काका हसतील, आई मेल्या म्हणून भाकर टाकेल, आणि पुढचं पुढे बघू. माझ्याकडून मी सोडला असं होईल आणि तो सुटणारही नाही. असा हिशेबी शहाणपणा मला कॉलेजात शिकवला नव्हता, तो माझा मीच कमावलेला.

गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पहाटे आईनं तीन भाकऱ्या भाजल्या, फडक्यात बांधल्या, वर गाठ मारली. माझी ऑफिसची बॅग खराब करायची नव्हती म्हणून खुंटीवरची बाबांची खाकी पिशवी काढली. कुत्र्यानं पिशवी बघितली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच खाटेजवळून आपणहून उठला. शेपूट नाही हलवली. उठला, अंग झाडलं आणि दारात जाऊन माझी वाट बघत उभा राहिला. कामावर निघायचं होतं त्याला.

आई आतच थांबली. बाबांनी मान भिंतीकडे केली. डावीकडे त्यांना मान वळवता येत होती.

पाऊस सरत आला होता. आभाळ मात्र राखेच्या रंगाचं, खाली आलेलं. भात निसवायला लागलं होतं आणि बांधावरचं गवत कमरेपर्यंत ओलं. पावसाळ्यात धबधब्यावर जायला बंदी असते, तिचा कागद दरवर्षी माझ्याच टेबलावरून जातो. बंदीचा फलक अजून शाळेमागे उभा होता. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. कुत्रा दहा पावलं पुढे आणि मी मागे.

पहिल्या ओढ्यावर तो थांबला. मला कळेना का. मग आठवलं, बाबा इथे पाहुण्यांना चपला हातात घ्यायला सांगायचे. मी चपला हातात घेतल्या तेव्हा तो पाण्यात उतरला. पुढे मोहाच्या झाडाखाली थांबला. तिथे बाबा पाणी प्यायला लावायचे. मी पाणी प्याले नाही, तशीच पुढे झाले, तर तो झाडाखालीच उभा. शेवटी पाणी प्याले. असं प्रत्येक ठिकाणी. त्याच्या लेखी मी पाहुणी होते आणि मला नीट न्यायचं काम त्याच्याकडे होतं.

चढणीच्या वळणावर तो थांबला, तेव्हा मला माहीत होतं का ते. खाली घराचे पत्रे दिसत होते. चुलीचा धूर दिसत होता. तो माझ्याकडे बघत उभा होता. त्या जागी जे बोललं जातं ते बोलून झाल्याशिवाय पुढे जायचं नसतं, असं त्याला बाबांनी इतक्या वर्षांत नकळत शिकवलं होतं.

काय बोलणार? हमारी लडकी ग्रॅज्युएट हाय? मग मीच त्याला ओलांडून पुढे झाले. तो मागून आला आणि पुन्हा दहा पावलं पुढे गेला.

धबधबा अजून भरलेला होता, पण अंगावर कोसळणारा नव्हता. कातळावर शेवाळ. मी पिशवी खाली ठेवली. भाकऱ्या पिशवीतच राहू दिल्या, वरचं तोंड उघडं ठेवलं, म्हणजे त्याला भूक लागली की खाईल. आणि मग सवयीनं, लहानपणापासून ऐकलेलं, मला न विचारता माझ्या तोंडातून निघालं.

"बस रं."

तो बसला.

मी वळले आणि उतरायला लागले. वळणापाशी एकदा मागे बघितलं. तो पाण्याकडे नाही, माझ्याकडे नाही, समोरच्या झाडीकडे बघत होता. माकडं तिकडूनच येतात.

मी दुपारची गाडी धरून ऑफिसला गेले. संध्याकाळी टेंपोतून उतरून घराकडे येताना मनात पक्कं होतं की उंबऱ्यात तो असणार. नव्हता. आईनं त्याच्या थाळीत भाकर कुस्करून ठेवली होती.

"आला नाय," आई म्हणाली.

शुक्रवारी मालिशवाला आला. काकांनी बाबांना उचलून बसवलं, दोन महिन्यांत झाली नव्हती अशी मालिश झाली. मी ऑफिसातून आल्यावर काका मुद्दाम सांगायला आले. "मानलं तुला, बाय. मला वाटलं व्हतं तुला नाय जमायचं. चालवत न्हेऊनशान सोडलास! काय केलंस, मंतर घातलास?"

मी हसले असेन. बाबा बसवल्या जागी उशांना टेकून होते, बरे दिसत होते, अंगाला तेलाचा वास. डावा हात खाटेच्या कडेवरून खाली सोडलेला. बोटं हलत होती. जिथे कुत्र्याचं डोकं असायचं तिथे. आईनं तो हात उचलून पांघरुणात घातला. थोड्या वेळानं तो परत खाली.

थाळीतली कालची भाकर तशीच होती. आईनं ती काढली आणि ताजी घातली.

शनिवारी ऑफिसला सुट्टी. उजाडताच मी निघाले. आईला सांगितलं, वाडीत चौकशी करून येते. ओढा ओलांडताना चपला हातात घ्यायचं भान राहिलं नाही, एक वाहून गेली, दुसरी मी फेकून दिली.

मोहाच्या पुढे गवताचे भारे डोक्यावर घेतलेल्या दोन बाया वरून उतरत होत्या. वाडीतल्या. त्यांनी मला ओळखलं.

"त्यो कुत्रा तुमचा ना गं?" थोरली म्हणाली. "तिथं बसलाय. परवापासून. आमी बोलावला, नाय आला. भाकर टाकली, तीबी नाय खाल्ली."

धाकटी म्हणाली, "पिशवी बाजूला करून पाणी भरायचं म्हणलं तर अंगावर आला. सोनं ठेवलंस का काय तिच्यात?"

दोघी हसल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून थोरली भारा सावरत बाजूनं निघून गेली.

तो तिथेच होता. ज्या जागी बसवला त्या जागी, पिशवीला डावीकडे ठेवून. दोन रात्री पाऊस झाला होता, अंगावरचे केस चिकटून बरगड्या मोजता येत होत्या. डोळ्यांत चिपडं. मी बसवला तेव्हा त्याच्याभोवती शेवाळ होतं, ते त्याच्या पायांनी एवढ्याशा वर्तुळात घासून गेलं होतं. पिशवीचं तोंड उघडं होतं, माशा घोंघावत होत्या. आत फडक्याची गाठ आईनं मारली तशीच. भाकऱ्या फुगून, आंबून फडक्याबाहेर पाझरत होत्या.

त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर भाकरी होती, आणि तो तिची राखण करत होता.

"चल," मी म्हणाले. त्यानं माझ्याकडे बघितलं. "चल रं. ऊठ." कान हलला. उठला नाही. मी जवळ बसून त्याच्या मानेला हात घातला, ओढायला लागले, तर घशातून बारीक गुरगुर आली. शिव्या घातल्या. त्यालाच. "मर इथंच, मेल्या," म्हणाले. त्या पाण्याच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार होतं, म्हणून मोठ्यानं म्हणाले. मग रडले. तेही मोठ्यानं.

शेवटी वाटलं, निदान ती आंबलेली घाण ओढ्यात टाकून पिशवी तरी घरी न्यावी. बाबांची पिशवी आहे. चावला तर चावला. कातळ निसरडा, पाय अनवाणी, उभ्यानं वाकायची भीती वाटली, म्हणून मी पिशवीकडे पाठ करून उकिडवी बसले, पट्टा डाव्या खांद्यावर घेतला, एक हात गुडघ्यावर दाबला आणि कण्हत उठले.

कुत्रा उठला.

मी उभीच राहिले. कारण मी कशी उठले ते मला तेव्हा कळलं. बाबा तसे उठायचे. वीस वर्षं ओझी उचलून गुडघे गेलेला माणूस जसा उठतो तसे. पाठ करून, बसून, पट्टा खांद्यावर, हात गुडघ्यावर आणि तोंडातून एक कण्हणं. "चल रं" ते त्याच्यानंतर म्हणायचे, आणि आम्हाला सगळ्यांना वाटायचं की कुत्रा त्या शब्दानं उठतो.

आणि दुसरंही कळलं. मालिशवाल्याची पोटरी, काकांचं मनगट. आम्ही म्हणत होतो की मालकाच्या दुःखानं कुत्रं बिथरलं. ते अजिबात बिथरलं नव्हतं. दवाखान्याच्या गाडीतून चौघांनी बाबांना आणलं होतं आणि ओटीवर खाली ठेवलं होतं. ठेवलेलं उचलायचं नाही. ज्यानं ठेवलं तो येईपर्यंत, पिशवी खांद्याला लागेपर्यंत, कुणालाही उचलू द्यायचं नाही. तो त्याचं काम करत होता. आम्ही रोज त्याच्यासमोर चोरी करत होतो.

मी भाकऱ्या पाण्यात टाकल्या. घरून निघताना त्याच्यासाठी काही घेतलं नव्हतं. चौकशीला म्हणून आले होते ना मी.

उतरताना मला वाटलं तो पुढे होईल. नाही झाला. माझ्या मागे चालत आला. मी थांबले की थांबायचा, मी वळले की नजर चुकवायचा. जो कुत्रा आयुष्यभर माणसांना पुढून घेऊन गेला त्याला आता मला पाठ दाखवायची नव्हती. वळणावर मी थांबले. खाली पत्रे, धूर. तो मागे उभा राहिला आणि घराकडे बघितलंच नाही.

घरी त्याला बघून आई चुलीपाशी गेली, ती भाकरी घेऊन आली. हातानं दिली तेव्हा त्यानं खाल्ली. मग ओटीवर गेला, खाटेशी बसला. बाबांचा डावा हात खाली आला. बाबांच्या डाव्या डोळ्यातून पाणी उशीवर उतरत होतं; उजव्यातून नेहमीच यायचं, त्याला आम्ही धरत नव्हतो.

काका आले. "मंग? आता काय करणार शिकलेली?"

मी दाखवलं. पिशवी खाटेच्या पायाशी ठेवली, पाठ करून बसले, पट्टा घेतला, कण्हले, उठले. कुत्रा उठला आणि माझ्यामागे अंगणात आला. दारात एकदा मागे वळून बघितलं, पण आला. आत काकांनी बाबांना उचलून बसवलं.

काका बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "तू अक्षी दादासारखी उठलीस गं," म्हणाले, आणि मनगट चोळत घरी गेले. त्यानंतर ते मला शिकलेली म्हणून कधी बोलले नाहीत.

त्या दिवसापासून तसंच चाललं. सकाळी ऑफिसला निघायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर मी पिशवी घेऊन अंगणात उभी राहायचे आणि आत काका बाबांना बसवायचे. मालिशवाल्यानं आपली वेळ माझ्या वेळेवर आणली. पण मधल्या काळात झालेली जखम भरली नाही, ती वाढत गेली. दिवाळीनंतर बाबांना ताप यायला लागला. कुत्रा दर वेळी दारात थांबून मागे बघायचा आणि मी म्हणायचे, "चल रं," आणि तो यायचा. माझ्यावर विश्वास होता म्हणून नव्हे, पिशवीवर होता.

पौषात एका सकाळी बाबा गेले.

अंगणात माणसं जमली. काकांनी बांबू बांधले. सगळी तयारी झाली आणि माणसं ओटीच्या पायरीशी थांबली. आत कुत्रा बसलेला. काकांनी माझ्याकडे बघितलं.

"बाय," म्हणाले, "तुजं ते कर."

मी खुंटीवरची पिशवी काढली. खाली ठेवली. रिकामी होती, तिला उचलायला कण्हायची गरज नव्हती, पण पाठ करून बसले आणि उठताना कण्हणं आपोआप आलं. कुत्रा उठला. आम्ही बाहेर आलो. मागून चौघांनी बाबांना उचललं.

आमच्याकडे मयताबरोबर बायका ओढ्यापर्यंतही जात नाहीत. मी स्मशानापर्यंत गेले. कुणी अडवलं नाही. मी थांबले असते तर तो थांबला असता, हे सगळ्यांना दिसत होतं. पुढे मी, मागे कुत्रा, त्यामागे बाबा.

तिथे त्यांना खाली ठेवलं. तो माझ्याकडे बघायला लागला. पिशवी खांद्यावरून उतरवावी म्हणून कुणीतरी हात पुढे केला, मी नको म्हटलं. ती मी खाली ठेवली असती तर तो तिथे बसला असता, आणि त्याला तिथून उठवायला मला काय उचलावं लागलं असतं, ते मला माहीत नव्हतं. आग विझत येईपर्यंत मी पिशवी खांद्यावर घेऊन उभी होते. रिकाम्या पिशवीनं खांदा इतका भरून येतो, हे मला माहीत नव्हतं.

घरी आले तेव्हा खाट बाहेर काढून भिंतीला उभी केली होती. ओटी शेणानं सारवली होती आणि बाबांच्या जागी, पदवीच्या फ्रेमखाली, काकूनं पिठावर दिवा ठेवला होता. पिशवी मी खुंटीला लावली. कुत्रा ओलं सारवण चुकवत आत आला, दिव्याचा वास घेतला आणि त्याला डावीकडे ठेवून बसला.

तो दिवा दहा दिवस हलवायचा नसतो. या खेपेला ते कुणाला सांगावं लागलं नाही.